नावेत धरलेला हात

नव्वदच्या दशकात बँकेच्या बदलीमुळे आम्ही लखनौला, महानगर वसाहतीत राहत होतो. चार वर्षांच्या लेकीला जहाजात बसायचं होतं. जहाज कुठून आणणार? एका रविवारी सगळ्यांना घेऊन गोमतीवर नावेत बसलो. तान्हा मुलगा बायकोच्या मांडीवर रडत होता.

समोर पन्नाशीच्या एक अनोळखी बाई होत्या, सुती ओढणी कपाळापर्यंत ओढलेल्या. नाव सुटली आणि पाहतो तर आमच्या लेकीचा हात त्यांच्या हातात, घट्ट. त्या मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होत्या. मला रागच आला. मुलीचा बाप इथे बसलाय की!

"असू द्या हो," बायको म्हणाली. "तुम्ही तरी कुठे धरलं होतं तिला?"

मी हाताची घडी घालून त्या बाईंकडे बघत राहिलो.

घाटावर उतरल्यावर माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, "बहनजी, आपने बच्ची को सँभाला, शुक्रिया."

त्या गडबडल्या. "हमने? अरे भाई साहब, हमें तो पानी से डर लगता है. हाथ तो इसी ने पकड़ा था."

लेकीच्या गालाला हात लावून त्या पायऱ्या चढून गेल्या. ते खरं होतं, की लखनौची अदब? मला अजूनही ठरवता येत नाही.

घरी जाताना लेकीला विचारलं, "आधी हात कुणी धरला गं?"

"आंटी रो रही थीं, पापा. आपने नहीं देखा?"

मी तर सगळा वेळ त्यांच्याकडेच बघत होतो.