खोट्या नखांचा गम

आमच्या घनसावंगीकडं कापसाला औषधच मानायचे. कान दुखला, तेलात भिजवून कापूस. कुठं कापलं, हळद दाबून वर कापूस. दिवाळीच्या सुमारास पुढची खोली कापसानं गच्च भरायची. आम्ही दोघी बहिणी त्यावर लोळायचो, अंगाला खाज सुटली तरी उठायचो न्हाई. माझा जीव अजून त्या खोलीत अडकलाय, खरं सांगते.

त्याच कापसानं आमच्या हातांची मात्र पार वाट लावली. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी टोचतात. वेचणीत नखं तुटायची, बोटं फाटायची. मला त्याचं कधी काही वाटलं न्हाई, धाकटीला वाटायचं. तिला बघायला जालन्याचे पाहुणे आल्ते, तेव्हा मुलाच्या काकूनं तिचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, पोरगी गोड आहे, पण हात लई राठ. लग्न जमलं, पण ते बोलणं काही तिच्या मनातून जाईना.

म्हणून हळदीच्या आदल्या दिवशी तिनं बाजारातून खोट्या नखांचं पाकीट आणलं. सोबत चिमुकली बाटली, झटक्यात चिकटणाऱ्या गमाची. आत काय आहे, काय जपायचं, एक अक्षर त्यावर लिहिलेलं न्हाई. मी पहिल्यापासून तोंडाची फाटकी. म्हटलं, लग्न तुझं लागणार हाय का नखांचं? ती हसली न्हाई. ओसरीवर बसून एकेक नख चिकटवत राह्यली. दिसत मात्र होती बिलकुल नवरीसारखी.

शेवटच्या नखाला बाटली जरा जास्त दाबली गेली आणि गम बोटावरून खाली ओघळला. आई शेजारीच वाती वळत बसली होती. पुसून घ्यावं म्हणून तिनं हातातला कापूस तसाच पोरीच्या बोटावर दाबला. आमच्या घरात दुसरं काय सुचणार?

बघता बघता कापसातून धूर निघाला. धाकटी जोरात ओरडली. कापूस तापून कातडीला चिकटून बसला होता. घाबरून आई तो ओढायला लागली, तशी मी तिचा हात बाजूला सारला आणि धाकटीचं बोट पाण्याच्या बादलीत बुडवलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा गम कापसाला लागला की भडकन तापतो आणि कातडी पोळते. नुसता चिकटला तर ओढायचं न्हाई, कोमट साबणाच्या पाण्यात बोट धरून सावकाश सुटू द्यायचं. आणि ज्यावर काही लिहिलेलंच न्हाई, असलं काही अंगाला लावायचंच न्हाई. डोळ्यात उडाला असता तर, एवढं म्हणून त्या थांबल्या. बोटाला पट्टी बांधली. बाकीची नखं आम्ही घरी येऊन भिजवून भिजवून काढली.

आईला कुणी एका शब्दानं बोललं न्हाई, तरी ती पार खचली. पोटच्या पोरीला मीच पोळलं, एवढंच पुटपुटायची. हळद लावायला पुढं येईना. मंग मीच तिला दंडाला धरून आणली.

लग्नात ओटी भरायला नेमकी तीच काकू समोर. तिनं धाकटीचा हात उचलला, तुटकी नखं बघितली, पट्टी बघितली आणि विचारलं, काय झालं बोटाला? भोवतीच्या बायांनी कान टवकारले. आईचे ओठ हलले. आता ही सगळं सांगणार, असं मला वाटलं. आईनंच पोरगी भाजली, हे सोयऱ्याधायऱ्यांनी जन्मभर चघळलं असतं, आणि आईनं ते जन्मभर ऐकलं असतं.

धाकटी आधी बोलली. काकूच्या डोळ्याला डोळा भिडवून.

"कापूस वेचून राह्यल्ते, काकू. बोंड टोचलं. आमचे हात असेच असतात."

जे लपवायला एवढा खटाटोप केला, ते तिनं भर मांडवात आपल्या तोंडानं सांगून टाकलं. मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. काकू ओटीत तांदूळ घालू लागली. आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. पोरगी सासरी चालली म्हणून रडते, असंच सगळ्यांना वाटलं.