वन्संची विहीर

आमची मातीची भांडी भाजायची भट्टी, म्हणून आमच्या ह्यांना सगळे भट्टीवाले म्हणतात. माणूस वाईट नाही हो, पण एकदा डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी काढू शकणार नाही.

ते खूळ म्हणजे वन्संची विहीर. वन्सं ह्यांची थोरली बहीण. आईमागे त्यांनीच ह्यांना वाढवलं. त्यांच्या घरामागून कापड रंगवायच्या कारखान्याचा नाला जातो. रंग झिरपून विहिरीत उतरला. अंगाला खाज, भांड्यांना निळी झाक. घर सोड म्हटलं की म्हणायच्या, "जाऊ कुठे? तुझ्या भट्टीत?"

मग हे माती आणि पोलादाची पूड एकत्र मळून नळ्या भाजायला लागले. नळीच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी भोकं. रंगाचं पाणी दाबानं आत सोडलं की पाणी तेवढं बाहेर पाझरतं, रंग आतच अडकतो. भाजताना भट्टीत जरा हवा शिरली की पोलाद गंजायचं, नळी बिस्किटासारखी तुटायची. वर्षानुवर्षं हाच उद्योग. तयार नळीचं एक टोक बुचानं बंद करून ती बादलीत बुडवायची आणि सायकलच्या पंपानं हवा भरायची. बुडबुडे सगळीकडून बारीक आले तर पास. एकाच जागी भसाभसा आले की गेली कचऱ्यात. मी म्हणायची, "त्यापेक्षा चाकात हवा भरा, कुठेतरी पोचाल तरी!"

शेवटी कारखान्यानं नळ्या बसवल्या. जांभळं पाणी आत, नितळ पाणी बाहेर! हे ढसाढसा रडले. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

ते नितळ पाणी कारखान्यानं पुन्हा रंगाच्या हौदात घेतलं. आणि नळ्यांत उरलेला डांबरासारखा दाट रंग? त्याचा विचार ह्यांनी केलाच नव्हता. पलीकडे काय येतं तेच बघत बसले, अलीकडे काय उरतं ते कुणी बघायचं? मुकादमानं तो नाल्यातच ओतायला लावला. पूर्वी निदान पाणी त्याला पुढे वाहून न्यायचं. आता तो तिथेच बसला, मुरला, आणि विहीर काळी पडली.

हे मुकादमाच्या पाया पडले. तो म्हणाला, "भट्टीवाले, नळ्या तुमच्याच ना? मग उरलेलंही तुम्हीच घेऊन जा." न्यायचं कुठे, कपाळ?

आम्ही वन्संकडे गेलो. वाटलं, कडाकडा बोलतील. त्यांनी पोहरा वर ओढला, आत बघितलं, ओतून दिला. मग ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "निळं होतं रे, पण त्यात धुणं तरी होत होतं."