जरीच्या काठातला खवला

डांबरगोळीचा वास आला की ठाण्यातल्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजची लॅब आठवते. तिथल्या जुन्या कपड्यांच्या डिजिटल संग्रहाच्या प्रकल्पासाठी मैत्रिणीने कोलशेतच्या कोळीवाड्यातून तिच्या आईचं, डांबरगोळ्यांत जपलेलं लग्नातलं लुगडं आणलेलं. स्कॅन मोठा केला तर जरीच्या काठात काहीतरी चकाकत होतं. सॉफ्टवेअरने ती धूळ ठरवली, सरही म्हणाले, "पुसून टाक." मी म्हटलं, "नाही सर, हा माशाचा खवला आहे." मैत्रिणीने लगेच आईला फोन लावून स्पीकरवर टाकला. आई खळखळून हसली, "अगं, मावरं थांबतंय काय लग्नासाठी? दुसऱ्याच दिवशी तेच लुगडं नेसून मी बाजारात मासळी विकायला बसलेले!" सरच म्हणाले, "राहू दे." आज संग्रहात त्या लुगड्यापुढे 'लग्नाचं' असं लिहिलंय, आणि त्याखाली, माझ्या हट्टाने, 'बाजाराचंही'.