नावं पुसलेले नकाशे

बुलढाण्यात बसस्थानकामागच्या गल्लीत हिंमतराव काळवाघे यांचं जमीन मोजणीचं खासगी ऑफिस आहे. प्लॉट पाडायचे असोत, भावाभावांत शेत वाटायचं असो, की विहीर बांधापासून किती लांब आहे हे बघायचं असो, लोक तिथं येतात. सुवर्णा हिवाळे त्या ऑफिसात अकरा वर्षं नकाशे काढत होत्या. रोज धाड गावाहून एसटीनं यायच्या. वडील भाऊराव गवंडीकाम करायचे. मुलीनं टायपिंग शिकावं म्हणून त्यांनी तिला बुलढाण्याला धाडलं आणि ती कॉम्प्युटरला चिकटली ती चिकटलीच.

ऑफिसचा सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा एक जुना कॉम्प्युटर. सगळी मशीन त्याला जोडायचं काम सुवर्णांनीच पुस्तक वाचून, चुकत चुकत केलं होतं. तीन हजारांवर नकाशे त्या एका डिस्कवर होते आणि दुसरी प्रत कुठंच नव्हती. दुसरी डिस्क घ्या, असं त्यांनी तीनदा सांगून पाहिलं, एकदा तर लिहून दिलं. "चालून राह्यलं ना? मग कायले?" हिंमतराव दर वेळी एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी प्राची इंजिनिअर होऊन पुण्याहून आली. आल्या दिवसापासून तिचं आणि सुवर्णांचं जमलं नाही. सुवर्णांची खुर्ची दाराजवळ गेली. त्यांनी काढलेला नकाशा प्राची त्यांच्यादेखत पुन्हा तपासायची. सुवर्णाही कमी नव्हत्या. विचारलं तेवढंच सांगायच्या, एक शब्द जास्त नाही.

मार्चमध्ये एका दुपारी ड्रोनचे फोटो ठेवायला सर्व्हरवर जागा उरली नाही. प्राचीला 'जुने' नावाचा भलामोठा फोल्डर दिसला. नको असलेल्या प्रती असतील असं समजून तिनं तो आपल्या मशीनवरून पुसून टाकला. तो फोल्डर म्हणजेच सगळे मूळ नकाशे होते. सर्व्हरवरून पुसलेलं कचरापेटीतही जात नाही, सरळ नाहीसं होतं.

तासाभरानं कुणालाच काही उघडेना. हिंमतरावांनी विचारलं, सर्व्हरवर कोण बसलं होतं? रंगराव जवंजाळ मोजणीचा जुना माणूस. वीस-बावीस वर्षं शेतोशेत साखळी आणि काठी घेऊन फिरलेला. तो म्हणाला, हिवाळेबाई बसल्या होत्या. खोटं नव्हतं, त्या रोजच बसायच्या. पण हिंमतरावांना तेवढं पुरलं. समोर चार गिऱ्हाईकं बसलेली असताना त्यांनी आवाज चढवला.

"पोरगी वर बसवली म्हणून पोटात दुखून राह्यलं तुह्या. डूख धरला तू."

अकरा वर्षं ते सुवर्णांना अहो-जाहो करत होते.

सुवर्णांचं लक्ष प्राचीकडं होतं. फायली परत आणणारा कुठलासा प्रोग्राम ती त्याच सर्व्हरवर उतरवून घेत होती. पुसलेली फाईल लगेच मरत नाही, तिची जागा फक्त रिकामी समजली जाते. त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं की मग मात्र ती कायमची जाते. सुवर्णांनी दोनदा थांबायला सांगितलं. प्राचीनं मान वर केली नाही. तेव्हा त्या उठल्या आणि त्यांनी भिंतीतून सर्व्हरची पिनच उपसली.

एकच आरडाओरडा सुरू झाला. हिंमतरावांनी पोलिसांचं नाव काढलं. सुवर्णा डबा पिशवीत टाकून निघाल्या आणि दारातून म्हणाल्या, "त्याले आता चालू करू नका. केलं तं गेले नकाशे."

चार दिवस कुणाचा फोन आला नाही. बापलेक डिस्क घेऊन छत्रपती संभाजीनगरला जाऊन आले. तिथल्या दुकानदारानं डोळे फिरतील असा आकडा सांगितला, वर खात्री काहीच दिली नाही. पाचव्या दिवशी हिंमतरावांनी फोन केला, तोही परक्याला निरोप धाडल्यासारखा. 'या' म्हणाले, एवढंच.

सुवर्णांनी दोन नव्या डिस्क मागितल्या आणि एक कागद, की फायली त्यांनी पुसलेल्या नाहीत. डिस्क आल्या. कागद मागाहून बघू, असं उत्तर मिळालं. सुवर्णांनी आधी जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एका नव्या डिस्कवर उतरवली, मूळ डिस्क कपाटात ठेवली आणि फक्त नकलेवर काम केलं. कोणत्या मशीनवरून काय पुसलं याची नोंद सर्व्हर ठेवायचा. ती नोंद सापडली. प्राचीचं मशीन, दुपारी एक वाजून बारा मिनिटं. त्या नोंदीचा कागद छापून त्यांनी हिंमतरावांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि घडी घालून खिशात टाकला.

प्राची पलीकडून म्हणाली, "चालू नकाशांच्या फोल्डरला 'जुने' नाव कोणी दिलं?"

नाव सुवर्णांनीच दिलं होतं. त्यांनी नकलेची डिस्क पुढं ओढली.

फुकट मिळणाऱ्या एका प्रोग्रामनं दोन दिवसांत सव्वीसशे नकाशे बाहेर काढले, पण एकालाही नाव नव्हतं, नुसते आकडे. गाव आणि गट क्रमांक फायलीच्या नावातच असायचा. आत नुसत्या रेघा आणि मापं. कोणतं शेत कुणाचं, हे सांगू शकणारा एकच माणूस होता, रंगराव.

दोघांना नऊ दिवस एका पडद्यासमोर बसावं लागलं. रंगरावनं खुर्ची हातभर लांब ओढली आणि चहाचा पेला घरून आणला. तो पेला कशासाठी, हे सुवर्णांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या नकाशा उघडायच्या, तो बघायचा.

"हे धाडचं. नाल्याकाठी बाभूळ हाय, तिथं आग्या मोहोळ उठलं व्हतं. पळत मोजलं आमी." मग पुढचा. "हे सोनाळ्याचं. दोघं भाऊ बांधावरच भांडले."

सुवर्णा नाव लिहायच्या, जुन्या पावतीशी ताडून घ्यायच्या. रंगराव सहसा चुकत नव्हता. सहाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "माह्यं नाव काऊन घेतलं तुमी?"

"साहेबानं इचारलं, म्या सांगतलं," तो पडद्याकडं बघत म्हणाला. "पुढचं काढा."

जवळपास पाचशे नकाशे गेले ते गेलेच. प्राचीनं उतरवलेला प्रोग्राम त्यातल्या काहींवर बसला होता. ती शेतं पुन्हा मोजावी लागली, तीही भर एप्रिलच्या उन्हात.

मग सुवर्णांनी पुढची व्यवस्था मांडली. त्या दोन डिस्क आळीपाळीनं वापरायच्या. दर शनिवारी एकीवर प्रत घ्यायची आणि ती ऑफिसबाहेर ठेवायची. दर महिन्याला प्रतीतले दहा नकाशे उघडून बघायचे, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरवसा नाही. नवीन काहीच विकत घ्यायचं नव्हतं. बाहेरची डिस्क माझ्या घरी राहील, असं त्या म्हणाल्या.

"माहे नकाशे तुमच्या वस्तीत?" हिंमतराव म्हणाले.

ऑफिसच्याच माडीवर, हिंमतरावांच्या घरी ठेवायला सुवर्णा तयार नव्हत्या. आग लागली तर दोन्ही जातील, म्हणाल्या. रंगरावच्या घरी ठेवायचं प्राचीला नको होतं. शेवटी बँकेचा लॉकर ठरला. कुणावरच विश्वास नाही म्हणून हिंमतराव स्वतः दर सोमवारी डिस्क रुमालात गुंडाळून न्यायचे आणि आधीची परत आणायचे. एकही सोमवार चुकला नाही.

मागितलेला कागद मे महिन्यात मिळाला. तीन ओळींचा. त्यात 'गैरसमज' असा शब्द होता, प्राचीचं नाव नव्हतं. सुवर्णांनी तो परत दिला आणि कुणाच्या मशीनवरून पुसलं ते लिहायला सांगितलं. आठ दिवसांनी तसा कागद आला. त्यांनी सही आणि शिक्का तपासला, पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात कॉम्प्युटरचं काम ठरवूनच त्या आल्या होत्या.

पावसाळ्यात प्राचीचा फोन आला. डिस्क लागत नव्हती. सुवर्णांनी वायर बदलून बघायला सांगितलं. पलीकडून बराच वेळ खटपट ऐकू आली.

"लागली," प्राची म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.