पडद्यावर मारलेली उडी

त्या साली मळ्यातल्या विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि वांगी झाडावरच वाळली. बाबा आमच्या अमडापूरच्या आठवडी बाजारात दुसऱ्याच्या मळ्यातली भाजी विकायला बसू लागले. मला मुंबईला मामाकडे कॉलेजात धाडायचं ठरलं. एसटी हलली तसे बाबा खिडकीशी आले. "शिक बाई. पण आमाले मान खाली घालायले लावू नको."

मामा सिनेमावाल्यांकडे सुतार. सिनेमे हलके, स्वस्तातले. त्यातल्याच एकात जमीनदाराची माणसं एका पोरीची अब्रू घेतात, ती विहिरीत उडी टाकते, वाचते आणि बंदूक घेऊन एकेकाचा सूड घेते. बंदूक मामानंच लाकडाची केलेली. हिरोइनला पोहता येईना, आणि मी तर विहिरीत पोहतच वाढलेली. तिचं लुगडं नेसून मी उडी मारली, नाक चिमटीत धरून, आमच्याकडच्या पोरी मारतात तशी. तोंड दिसलं नाही, कॉलेजची फी निघाली. घरी कशाला कळवायचं?

पुढच्या वर्षी तोच सिनेमा आमच्या जत्रेत तंबूत लागला. बायका एकीकडे, गडी दुसरीकडे, मध्ये कनात. नाक धरून मारलेली ती उडी दिसली आणि माय बायकांतून उठून ओरडली, "अवं, हे तं मायी सुमी व्हय!" कनातीपलीकडे बाबांनी ऐकलं. गावानंही ऐकलं.

दिवाळीला घरी गेले, तर बाबा ओट्यावर पाठ करून बसले. मायनं मला चुलीपाशी ओढलं.

"खरं सांग, काय केलं त्यायनं तुले?"

"माय, सिनेमा हाय तो. सारं खोटं असते."

"विहिरीत तू उडी मारली का नाही?"

"मारली."

"ते खरं ना? मंग आधीचं खोटं कसं?"

कॉलेजात शिकणारी मी, चुलीत काटकी सारली. ओट्यावरून बाबा म्हणाले, "कॉलेज पुरे झालं आता." आणि माय पहिल्यांदाच त्यांच्यापुढे उभी राहिली. "जाऊ द्या तिले. इतकं होऊन वर आली पोरगी, आता तुमी बुडवता काय?"

मी गेले. माय जन्मभर सिनेमातलं सारं खरं मानत राहिली, मी ते पुन्हा खोडलं नाही आणि तिच्या त्या समजुतीवर मी शिकले. ह्याची लाज पदवीनं झाकली जात नाही.

गावात मागे राहिलेले तुम्ही म्हणता, सुमी गावाला येत नाही. येते. फक्त बाजाराच्या दिवशी, सारं गाव बाबांच्या भाजीपुढे असताना, एसटीतून उतरत नाही. माझं घर म्हणजे आता बाकीच्या सहा दिवसांचं गाव.

बी.ए. झाले. आमच्या घरात मी पहिली.