भागीरथेच्या हाताखालची टाळू

भागीरथाबाई बाळंतिणींची आणि लेकरांची मालिश करायची, आणि आपल्या हाताचा तिला भारी तोरा होता. तो खोटा नव्हता म्हणा. लेकराला पायांवर घेऊन, डावा तळवा त्याच्या टाळूवर ठेवून ती उजव्या हातानं तेल चोळायची. टाळू म्हणजे डोक्यावरची मऊ जागा, हाड अजून भरलेलं नसतं तिथं. खालचं रक्त उडतं ते हाताला लागतं. अंगाला बोट लावलं की ते उडणं बदलतं, असं तिचं म्हणणं. आठ दिवसांच्या लेकराचं उशिरा, जडपणे. तीन महिन्यांच्याचं लगेच. पाच महिन्यांचं झालं की रोजच्या हाताला टाळू जुमानत नाही, परका हात लागला तरच उसळते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला हे शिकवणार कोण? वीस वर्षं लेकरं पायांवर घेतली, तीच तिची शाळा.

चौऱ्याहत्तर साली शहरातल्या लकडगंजात, लाकूड कापायच्या आरा मशीनवाल्या रुपरावांच्या घरी, ती त्यांच्या नातवाची मालिश करत होती. अडीच महिन्यांचा झाला तरी उजव्या अंगाला बोट लावलं की टाळू ढिम्म; डाव्या अंगाला लावलं की ठीक. तिनं सरळ सांगितलं, लेकराले डॉक्टरकडे न्या. झालं! रुपरावांच्या बायकोनं गल्ली डोक्यावर घेतली. हिनंच टाळू दाबली, हिनंच पोराचं वाटोळं केलं. पुढं पोराचा हात खरंच लुळा निघाला, तेव्हा तर त्यांना पुरावाच सापडला. दोन महिन्यांत भागीरथेची सगळी घरं सुटली. आपल्याकडे रोग परवडतो, पण त्याचं नाव घेणारा परवडत नाही.

मग ती कोराडीला आली. पॉवर हाउसची वसाहत नवी होती. वाळत घातलेल्या लंगोटांवर दुपारपर्यंत राख बसायची, पण तिथं तिला ओळखणारं कोणी नव्हतं. हळूहळू घरं मिळाली. एकोणऐंशी साली अनंत नावाच्या कारकुनाच्या घरी काम लागलं. त्याची बायको अरुंधती चांगली मॅट्रिक झालेली, पण पहिलटकरीण, आणि तिला आई नव्हती. बाळानं दूध उलटलं, विचार भागीरथाबाईंना. शिंकलं, विचार भागीरथाबाईंना. बाळ म्हणजे मुलगी, चारुशीला.

तिसऱ्या महिन्यात तेच झालं. उजवा तळपाय चोळला, टाळू गप्प. भागीरथेनं हात काढला, पुन्हा ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. तोंड उघडलं तर लकडगंजाची पुन्हा वरात निघणार, आणि या वयात तिसरं गाव कुठं शोधायचं? तिनं जीभ आवरली. उजवी बाजू तेवढी जास्त वेळ चोळू लागली आणि रोजच्यासारखी गाणी गुणगुणत राहिली. चुकली ती, साफ चुकली. यात तिची बाजू घेण्यासारखं काही नाही.

पाचव्या महिन्यात रीतीप्रमाणे मालिश बंद झाली. त्यानंतर चार महिन्यांनी अरुंधती मुलीला कडेवर घेऊन भागीरथेच्या खोलीवर आली. पोरगी एका अंगावर कलत होती, उजवी मूठ घट्ट मिटलेली. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिसऱ्या महिन्यात आणलं असतं तर हात बराच सुधारला असता; आता जेवढं होईल तेवढं.

मले काय समजते, मी अडाणी, असं उत्तर भागीरथेनं कधीचं तयार ठेवलं होतं. ती मूठ पाहिली आणि तिच्यानं ते बोलवेना.

“मले तवाच समजलं होतं, माय,” ती म्हणाली. “भेव वाटला मले.”

अरुंधतीनं थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. शिव्याशापांची भागीरथेला सवय होती. पण अरुंधती खाली बसली आणि मुलीची मिटलेली बोटं एकेक करून सोडवू लागली.

“हे म्हणत होते, डॉक्टरांना दाखवू,” ती म्हणाली. “मीच नको म्हटलं. म्हटलं, भागीरथाबाईंचा हात रोज फिरतोय; काही असतं तर त्या बोलल्या असत्या.”