पायाभरणीतली हातकुऱ्हाड

रविवारी सकाळी दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या बाकीच्या सरकारी क्वार्टरांत टीव्हीवर कार्टून लागलेलं असायचं आणि आमच्याकडे बाबा थर्मासमध्ये चहा भरत असायचे. चहा भरला म्हणजे कुठलं तरी टेकाड ठरलेलं असे. आई दशम्या कागदात गुंडाळायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "टोपी घे."

बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. ऑफिसात त्यांचं कुणी फारसं ऐकत नसावं, कारण उन्हातल्या टेकाडांवर ते बोलायचे थांबतच नसत. आधी दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या सहलीच्या बसने, मग सेकंड हँड मारुतीतून आम्ही किती जागा पाहिल्या याचा मी हिशोब ठेवलेला नाही. अशोकाचा शिलालेख असलेला खडक, जुन्या किल्ल्याच्या पोटातले थर, यमुनेकाठचे पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे ढीग. दिवाळीच्या सुट्टीत भीमबेटकाची गुहाचित्रं. महाराष्ट्रातून दिल्ली बघायला आलेल्या पाहुण्यांचीही सुटका नसे. कुतुबमिनार बघायला आलेल्या आत्याला त्यांनी हरियाणातल्या एका उजाड शेतात उभं केलं होतं. आत्या म्हणाली, "दादा, एवढ्या लांब मला ढेकळं दाखवायला आणलंस? ढेकळं आमच्याकडे काय कमी आहेत?" मी हसले. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की परतीच्या वाटेवर मी खिडकीबाहेरच बघत राहिले.

मी फार बोलणारी मुलगी नव्हते. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, घरात मराठी, आणि तिन्हीकडे मी शक्यतो गप्प. घरी एखादा मराठी शब्द अडला की बाबा वाक्य तिथेच थांबवत आणि तो शब्द मला सापडेपर्यंत जेवणही थांबे. त्यापेक्षा न बोलणं सोपं होतं.

जागा बघण्याचा त्यांचा एक नियम होता. उचलायचं, बघायचं, जिथून उचललं तिथेच ठेवायचं. खापराचा तुकडा असो की दगड, खिशात काही जाता कामा नये. "वस्तू जागेवरून हलली की ती मुकी होते," असं ते म्हणत. वाक्य चांगलं आहे. मी ते पहिल्यांदा राखीगढीला ऐकलं, तिसरीत असताना. तिथे पुरलेल्या प्राचीन शहराच्या उंच टेकाडावर गावातल्या बायकांनी गोवऱ्या वाळत घातल्या होत्या आणि त्या गोवऱ्यांच्या मधल्या मातीत मला बांगडीचा एक तुकडा मिळाला. माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मी तो मोज्यात लपवला. बसमध्ये बसल्यावर तो टोचायला लागला, मी वाकले, आणि बाबांना दिसला.

"ठेव परत."

मंडळाची बस भरलेली होती. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं. बाबांनी ते बंद करायला लावलं आणि मला खाली उतरवलं. मी एकटी त्या टेकाडावर चढले. ऊन एवढं होतं की गोवऱ्यांचा वास तोंडात येत होता. मागून बसमधल्या बायकांचे आवाज येत होते, "अहो, जाऊ द्या ना, पोर आहे!" आणि बाबांचा, "पोर आहे म्हणूनच." मला नेमकी जागा आठवत नव्हती. मी तो तुकडा कुठेतरी टाकला आणि परत आल्यावर नेमक्या जागी ठेवला असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून मला जुन्या जागांचा राग आहे, आणि त्या दिवसापासून चालताना माझी नजर जमिनीवरून हटत नाही. दोन्ही गोष्टी त्यांनीच मला दिल्या.

पुढे दिल्ली बदलली. द्वारकेत एकामागून एक सोसायट्या उभ्या राहिल्या, गुडगावात काचेच्या इमारती आल्या आणि त्यातल्याच एकीत मला नोकरी लागली. कंपनीची गाडी मला घरून न्यायची आणि सोडायची. बाबांची निवृत्ती जवळ आली होती. सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या घरांत या गोष्टीची एक वेगळीच धास्ती असते. तीस वर्षं राहिलेल्या भिंती काही महिन्यांत सोडाव्या लागतात आणि बाहेर पडल्यावर जायचं कुठे ते आधीच ठरलेलं असावं लागतं. गावाकडचं घर काकांनी विकलं होतं. आई रोज भांडी घासता घासता विचारायची, "मग काय ठरलं?"

ठरलं ते असं: मंडळातल्या काही लोकांनी मिळून सोसायटी काढली आणि मानेसरच्या अलीकडे, अरवलीच्या उताराला लागून जमीन घेतली. सोसायटीचे सेक्रेटरी काका सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले साताऱ्याकडचे गृहस्थ होते. आवाज परेड ग्राउंडचा. बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातलं सगळं त्यात घातलं.

जमीन बघायला आम्ही हिवाळ्यात गेलो. सगळे नकाशाभोवती उभे राहून कुठला टॉवर कुठे यावर भांडत होते. मी सवयीने खाली बघत उताराकडे गेले. पावसाच्या पाण्याने कापलेल्या एका घळीच्या काठाला तांबूस दगड मातीतून अर्धा बाहेर आला होता. तळहाताएवढा, बदामाच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी ढलपे काढून धार केलेली. अश्मयुगातल्या माणसाची हातकुऱ्हाड. आयुष्यभर मी दुसऱ्यांना सापडलेल्या वस्तू काचेआड बघितल्या होत्या. ही मी शोधली होती. हातात घेतली तर अंगठा आपोआप एका खाचेत बसला. आजूबाजूला बघितलं तर आणखी होत्या, ढलप्यांचा तर खच पडला होता. मी बाबांना खूण केली. ते आले, बसले, चष्मा पुसून परत लावला. एकेक ढलपा उन्हाकडे धरून बघितला. लहानपणापासून मी त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी मागे वळून नकाशाभोवतीच्या लोकांकडे पाहिलं.

"जागेवर ठेव," ते हळू म्हणाले. "आणि कुणाला सांगू नकोस."

गाडीत मी विचारलं, "पुरातत्त्ववाल्यांना कधी सांगायचं?"

"बघू."

"खोदकाम सुरू झाल्यावर बघून काय उपयोग?"

"तुला समजतंय का तू काय बोलतेयस?" गाडी चालवता चालवता ते ओरडले. "काम थांबलं तर किती वर्षं थांबेल, सांग? तोवर तुझ्या आईला कुठे ठेवू? त्या घळीत?"

आई मागच्या सीटवर होती. ती म्हणाली, "मला मधे ओढू नका." थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "पण खरंच थांबेल का?"

मी दोन आठवडे वाट पाहिली, मग स्वतः जाऊन सांगून आले. पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसात मला तीन टेबलांवर पाठवलं गेलं. शेवटच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, अरवलीत अशा जागा पुष्कळ आहेत मॅडम, कोणाला तरी पाठवतो. कोणी आलं नाही. हे मी घरी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलंही नाही. जेवताना आम्ही एकमेकांना फक्त वाटी पुढे करायचो.

भूमिपूजनाला मंडळातली सगळी घरं आली. बायका नऊवारी आणि पैठण्यांमध्ये, पुरुष स्वेटरवर उपरणं घेऊन. जेसीबीने एक चर आधीच खणून ठेवला होता आणि तो नेमका घळीच्या काठावरून गेला होता. कडेला उपसलेल्या मातीचा ढीग, त्यात ढलपे चमकत होते. मी ते बघत उभी होते आणि सेक्रेटरी काकांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, मला अक्षता देऊन म्हणाल्या, "अशा सुतकी चेहऱ्याने काय उभी आहेस गं? घर होतंय तुमचं!"

गुरुजींनी कलश मांडला, नारळ फोडला आणि चरात ठेवायला पाच दगड मागितले. "याच जमिनीतले हवेत," ते म्हणाले. चार दगड गड्यांनी आणून दिले. पाचवा बाबांनी कोटाच्या खिशातून काढला.

मी तो लांबूनही ओळखला.

"साहेब, हा काय खास?" सेक्रेटरी काकांनी विचारलं.

"या जमिनीतला सगळ्यात जुना दगड," बाबा म्हणाले. त्यांचा टेकाडावरचा आवाज लागला होता. "लाखो वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या माणसाच्या हातचा आहे. आपल्या घराखाली राहील. यापेक्षा मोठा मान कुठला?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी हातकुऱ्हाडीला हळदकुंकू लावलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं, आणि गुरुजींनी ती खाली चरात मांडली. सिमेंटचं घमेलं घेऊन गडी पुढे झाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. सगळं निभावलं, घरही आणि दगडही, असं. तोच चेहरा मला सहन झाला नाही.

मी चपला काढल्या आणि चरात उतरले.

"अगं बाई! उतरली की ही!" काकू किंचाळल्या. "अंगात आलंय का पोरीच्या?"

"घमेलं थांबव रे!" सेक्रेटरी काका गरजले. "साहेब, आवरा तिला. घरचा तमाशा घरी करायचा."

मी हातकुऱ्हाड उचलली. बाबा चराच्या काठावर येऊन उभे राहिले.

"ठेव परत."

रागात मला मराठी सुचत नाही. डोक्यात सगळं इंग्रजीत येत होतं आणि मी ते तसंच बोलले असते तर लोक नुसते हसले असते. वर पन्नास चेहरे होते. मी शब्द शोधला, जेवणाच्या ताटावर शोधायचे तसा.

"कुठे परत?" मी म्हणाले. "जागा दाखवा. ठेवते."

जागा राहिली नव्हती. ती ढिगात गेली होती, हे त्यांना माझ्याइतकंच दिसत होतं. कोणी मला हात दिला नाही. गुडघ्यांवर माती घेऊन मी एकटीच वर चढले. मागे गुरुजी सांगत होते, दुसरा दगड आणा, मुहूर्त टळतोय. दुसरा दगड लगेच मिळाला.

त्यानंतर काम काही थांबलं नाही. पुरातत्त्ववाल्यांचा एक माणूस आला म्हणे, पाया भरून झाल्यावर, आणि फोटो काढून गेला. पण फ्लॅट वाटताना बाबांना डोंगराकडचा मिळाला नाही. तळमजल्यावर मागच्या बाजूला, जनरेटरच्या शेजारी मिळाला. सेक्रेटरी काकांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "यांच्या मुलीला जमिनीजवळ राहायला आवडतं." आईने हे मला फोनवर सांगितलं आणि पुढे म्हणाली, "हौस फिटली ना?" मी तोवर पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले होते.

यंदा दिवाळीला गेले तेव्हा पुण्याहून बाबांचे एक जुने मित्र सपत्नीक आलेले होते. जनरेटर सुरू होता, त्यामुळे बाबा मोठ्याने बोलत होते.

"हे जिथे तुम्ही बसलाय ना, इथे आदिमानवाची वस्ती होती. आमचा पाया खणतानाच निघाली."

"अरे वा!" पाहुणे म्हणाले. "मग ठेवलंय काही?"

"हिच्याकडे हातकुऱ्हाड आहे. हिलाच सापडली. दाखव गं त्यांना."

"आणली नाही," मी म्हणाले. ती माझ्या खोलीवर स्टीलच्या डब्यात असते. काकूंचं कुंकू अजून तिच्या ढलप्यांच्या खाचांत आहे. मी ते धुतलेलं नाही.

"पण अशा वस्तू घरी ठेवायच्या नसतात ना?" पाहुण्यांच्या बायकोने विचारलं.

"नसतात," बाबा म्हणाले. "मी तिला पहिल्यापासून शिकवलंय. उचललेलं परत ठेवायचं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थांबले, चष्मा काढला, आणि खाली पायांशी असलेल्या पांढऱ्या टाइल्सकडे बघत राहिले. जनरेटर बंद पडला आणि खोली एकदम शांत झाली.

"चहा आणतेस का?" ते आईला म्हणाले.